विमानतळाची वाट आणि रात्रपाळी

विमानांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. विमानतळापर्यंत पोचण्याच्या वाटेचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज आम्ही तो मुंबईपुरता सांगणार आहोत. कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे एखादी वास्तू कोणी बांधली, यापेक्षा तेथे राबणारा माणूस कशाने येई-जाई, हे आम्ही आधी विचारतो.

मुंबईच्या नागरी विमानवाहतुकीची सुरुवात जुहूला १९२८ साली झाली. त्याच वर्षी कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावू लागली. म्हणजे वीजगाडी आणि विमानतळ दोन्ही एकाच वेळी उपनगरांत आले. परंतु दोघांची गाठ पडली नाही. जुहूचे मैदान रेल्वेपासून दूर, समुद्राकडे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथे उतरले, तेव्हा ही उणीव जाणवण्याचे कारणही नव्हते. टपालाला लोकल लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी विमाने सांताक्रूझला उतरू लागली. येथे रूळ जवळ होते, पण दारात नव्हते. विमान कंपन्यांची प्रथा अशी की, शहरातील कचेरीपासून उतारूंना बसने न्यावे. पुढे नरिमन पॉइंटच्या एअर इंडिया इमारतीपासून माजी सैनिकांची बससेवाही चाले. ही सोय तिकीटवाल्यांची. सामान चढवणारा, झाडलोट करणारा, उपाहारगृहात भांडी घासणारा माणूस लोकलने सांताक्रूझ, पार्ले किंवा अंधेरीला उतरे आणि पुढे बेस्टची बस धरी, नाहीतर पायी जाई.

इतरत्र काय घडले, तेही पाहू. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची इमारत १९३६ सालीच भुयारी वाटेने रेल्वे स्टेशनाला जोडली होती. हीथ्रोला शहराची भुयारी रेल्वे १९७७ साली पोचली. आणि १९९८ साली त्याच विमानतळासाठी जलद, पण महाग अशी वेगळी गाडी सुरू झाली. घाईच्या उतारूला एक गाडी व रोजच्याला दुसरी, असे तेथे दोन्ही मार्ग आहेत.

मुंबईत सहारचे नवे टर्मिनल २०१४ साली खुले झाले. त्याबरोबरच पश्चिम द्रुतगती महामार्गापासून थेट टर्मिनलपर्यंत मोटारींसाठी उन्नत रस्ता तयार झाला. त्याच वर्षी जूनमध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या एका स्टेशनाचे नाव ‘एअरपोर्ट रोड’. परंतु तेथून टर्मिनल गाठायला आणखी वाट तुडवावी लागते. दोन्ही टर्मिनलांजवळ स्टेशने असलेली भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. मोटारीच्या रस्त्यानंतर दहा वर्षांनी सामान्य माणसाची गाडी टर्मिनलाशी पोचली. हा क्रम श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. प्रथम कोणाचा विचार झाला, हे त्यावरून समजते.

तरीही आम्ही या मेट्रोचे मनापासून स्वागत करतो. साडेतेहतीस किलोमीटरच्या मार्गाचे भाडे सुरुवातीला १० ते ७० रुपये होते. हे भाडे टॅक्सीच्या तुलनेने फार थोडे. परंतु पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हाच्या वेळापत्रकात पहिली गाडी पहाटे सहाच्या आत-बाहेर व शेवटची रात्री साडेदहाच्या सुमारास सुटे. परदेशांची विमाने तर मध्यरात्रीनंतरच गर्दी करतात. पहाटे चारच्या पाळीला येणाऱ्याला आणि रात्री एकला सुटणाऱ्याला ही गाडी उपयोगी नाही. लोकल उशिरापर्यंत चालते, पण ती विमानतळाच्या दारात जात नाही. मग रिक्षाचे भाडे मजुरीतून जाते, किंवा माणूस पहिली गाडी सुटेपर्यंत फलाटावर बसून राहतो. आठ तासांच्या पाळीला असे दोन-तीन तास जोडले जातात. त्यांचा मोबदला कोणी देत नाही. कामाचे तास मोजण्यासाठी कामगारांनी एवढे लढे दिले, पण वाटेचे तास अद्याप कोणाच्या हिशेबात नाहीत.

२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. त्या दिवशीही टर्मिनलच्या दारात लोकल किंवा मेट्रो नव्हती. जुहूचा धडा शहाण्णव-सत्याण्णव वर्षांनी पुन्हा गिरवला गेला. हा क्रम बदलायचा, तर विमानतळाच्या आराखड्याबरोबरच रात्री दोनच्या बसचे वेळापत्रक मागितले पाहिजे. ती मागणी कामगारांनी एकट्याने करण्याची नाही. पहाटेच्या विमानाला निघालेल्या उतारूलाही तीच बस हवी आहे.