घरं पाडून पुढे गेलेली संस्था

संस्थेची वाटचाल म्हटलं की नव्या इमारती आणि उद्घाटनं आठवतात. ऑस्ट्रेलियातल्या ‘फिलिप आयलंड नेचर पार्क्स’च्या कहाणीत मात्र सगळ्यांत मोठं काम पाडापाडीचं आहे.

मेलबर्नपासून सुमारे 140 किलोमीटरवरच्या या बेटावर 1920च्या दशकात स्थानिक माणसं टॉर्चच्या उजेडात पर्यटकांना पेंग्विन दाखवू लागली. हा लिटल पेंग्विन जेमतेम 33 सेंटिमीटर उंच आणि किलोभर वजनाचा, पाठ निळसर. दिवसभर समुद्रात मासे धरायचे आणि अंधार पडल्यावर घोळक्यानं बिळांकडे परतायचं, हा त्याचा शिरस्ता. त्याच दशकात बेटाच्या समरलँड द्वीपकल्पावर बंगल्यांचे प्लॉट पडले. 1940मध्ये पूल झाला आणि मोटारी आल्या. कुत्रे होतेच, कोल्हे तर आधीच येऊन बसले होते. बेटावर एके काळी पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या. 1980च्या दशकात एकच उरली.

1985मध्ये व्हिक्टोरिया राज्य सरकारनं समरलँडवरची सगळी घरं आणि भूखंड विकत घेऊन जागा पक्ष्यांना परत द्यायचं ठरवलं. व्यवहार पुरे व्हायला 2010 उजाडलं. मधल्या काळात सरकारं बदलली, तरी निर्णय टिकला. मला याचंच नवल अधिक वाटतं. संस्था स्थापन झाली 1996मध्ये, म्हणजे या कामाच्या मध्यावर. अख्खी वस्ती हलवून तिथे पुन्हा स्थानिक झुडपं लावायची, हे धाडस फार थोड्यांनी केलंय.

कोल्ह्यांशी झुंज त्याहून चिवट होती. विषारी आमिषं, माग काढणारे कुत्रे, बंदुका असं सगळं वापरून अखेर 2017मध्ये बेट कोल्हामुक्त जाहीर झालं. त्याच वर्षी बँडिकूट नावाचे दुर्मीळ प्राणीही तिथे सोडता आले.

2001च्या तेलगळतीत 438 पेंग्विन माखले. चोचीनं पिसं साफ करताना तेल पोटात जाऊ नये म्हणून त्यांना लोकरी स्वेटर घातले. बहुतेक सगळे वाचले. जगभरच्या आज्यांनी नंतर इतके स्वेटर धाडले, की उरलेले खेळण्यातल्या पेंग्विनांना चढवून विकायला ठेवले गेले!

एरवीचा खर्च निघतो तो संध्याकाळी परतणारे पेंग्विन दाखवणाऱ्या ‘पेंग्विन परेड’च्या तिकिटांतून. मेलबर्नला मुलांकडे गेलेले आपल्याकडचे आईबाबाही या गर्दीत असतात. तिथे फोटोला पूर्ण बंदी आहे. पाहुण्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनं पाहुण्यांनाच असं दटावणं मला आवडतं.

1968पासून इथे अभ्यासगटानं नोंदी ठेवल्या. पुढे पक्ष्यांना मायक्रोचिप बसल्या, त्यांच्या पायवाटेवर वजनकाटा आला. येता-जाताचं वजन आपोआप टिपलं जातं आणि समुद्रात पोटभर मिळतंय का ते कळतं. 1995मध्ये सार्डिन मासे रोगानं मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा पेंग्विनही दगावले आणि विणीचा हंगाम फसला. आज संख्या चाळीस हजारांच्या आसपास आहे. मे 2022मध्ये एकाच संध्याकाळी पाच हजारांहून अधिक परतले.

आता संस्थेपुढे प्रश्न आहे उन्हाचा. पिसं बदलताना पेंग्विन दोन-अडीच आठवडे पाण्यात उतरू शकत नाही, जमिनीवर उपाशी बसून राहतो; पारा 35 अंशांपुढे गेला तर तो तिथेच मरू शकतो. म्हणून बिळांवर दाट सावली धरणारी झुडपं वाढवणं आणि घरट्यांच्या लाकडी पेट्या थंड ठेवणं, यावर सध्या काम चालू आहे.