शाळेत मुलांची उंची-वजन मोजतात, पण तुलना कशाशी करायची?

शाळेत आरोग्य तपासणी होते आणि कार्डावर दोन आकडे येतात: उंची १२४ सेंमी, वजन २२ किलो. आपण ते वाचतो आणि कार्ड ठेवून देतो, कारण आकडे चांगले की वाईट हे तिथे लिहिलेलं नसतं.

समजा, ही मुलगी बरोबर १० वर्षांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात या वयाच्या मुलींची मधली उंची १३८.६ सेंमी आहे. मधली म्हणजे १०० मुली उंचीनुसार रांगेत उभ्या केल्या तर मध्यावर येणारी. साधारण १२६ सेंमीच्या खाली त्या शंभरातल्या दोन-तीनच मुली असतात. म्हणजे आपली मुलगी 'वाढ खुंटलेली' या गटात गेली.

आता बीएमआय काढू. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उत्तर येतं १४.३, आणि ते या वयाला नॉर्मल आहे! मुलगी उंचीच्या मानाने बारीक नाही, वयाच्या मानाने बुटकी आहे. हे महिन्याभराच्या उपासमारीने होत नाही. बहुतेकदा त्यामागे लहानपणापासूनचं अपुरं पोषण आणि वारंवारची आजारपणं असतात. (आई-वडील बुटके आहेत का, हेही डॉक्टर बघतात.) नुसतं वजन बघून "जरा खायला घाला" म्हटलं की हा इतिहास सुटतो. म्हणून तर संघटनेचा वयानुसार वजनाचा तक्ता १० वर्षांपर्यंतच आहे. पुढे वयात येताना उंची आणि वजन एकदम वाढतं, त्यामुळे एकटं वजन फसवतं.

पण ही पट्टी कोणाची? २००७ च्या तक्त्यामागे मुख्यतः अमेरिकेतली जुनी मोजमापं आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी आपले तक्ते काढले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर पुढे होते. पुणे-मुंबईसह १४ शहरांतली ३३,१४८ मुलं त्यात आहेत, तीही मध्यम आणि वरच्या आर्थिक गटातली. गरीब मुलं मुद्दाम वगळली हे आधी खटकतं, पण ते बरोबरच आहे. अर्धपोटी मुलांची सरासरी काढली तर कुपोषणच 'नॉर्मल' ठरेल.

आता माळेगाव बुद्रुकला येऊ. इथल्या साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या येतात, कोप्या पडतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून आई-बापांबरोबर मुलंही येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. ते हंगामात मुलाच्या मूळ गावी गेलं तर मूल इथे फडात, आणि इथल्या शाळेत आलं तर मुलाचं नाव पटावर नाही. ज्याची वाढ मोजायची सर्वांत जास्त गरज, त्याचाच आकडा गळतो.

दुसरी गंमत जन्मतारखेची. आपल्याकडे '१ जून' किती जणांचा वाढदिवस असतो, आठवून बघा! या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं. वय आठ महिन्यांनी चुकलं तर तुलना चार सेंमीने चुकते.

घरी मोजताना चप्पल-बूट काढा, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर आडवी पाटी धरून खूण करा. शेजारी तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. खूण जेमतेम हललेली दिसली तर दोन्ही आकडे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.