अंगठ्याची निशाणी

1948 पर्यंत आपला परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे पोखर्णीच्या आसपास निजामाच्या काळातले उर्दू कागद काही घरांत अजून सापडतात. उर्दू शिकवतो म्हणून लोक ते वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. परवा एक शेतकरी काका जमिनीचा जुना कागद घेऊन आले. मजकूर पुसट झाला होता, पण तळाशी अंगठ्याचा ठसा स्पष्ट होता. "सर, ही आमच्या आजोबांची निशाणी," काका म्हणाले. मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी त्या कागदाचा आणि स्वतःच्या आधार कार्डाचा फोटो एका ओळखीच्या एजंटला पाठवायला घेतला. मी त्यांचा हात धरला. त्यांनी कारण विचारलं, म्हणून हा इतिहास सांगावा लागला.

बोटांच्या ठशांचा सरकारी वापर आपल्याच देशात रुजला. 1858 मध्ये बंगालमधल्या विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे कोलकात्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गवारीची पद्धत उभी केली. हक यांनी गणिताच्या आधारे 1024 कप्प्यांची मांडणी बसवली आणि हजारो ठशांतून नेमका एक शोधणं शक्य झालं. 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. जगभर ही पद्धत मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली.

त्या काळी ठसा कागदावर असायचा आणि कागद पेटीत. चोरायचा तर पेटी फोडावी लागे.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हापासून आपला अंगठा संगणकात गेला. रेशन, पेन्शन, बँक, सगळीकडे तोच चालू लागला. सोय झाली, यात शंका नाही. पण आधारवरून पैसे काढताना कार्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा पुरतो. काही राज्यांत पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांनी जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरून ठसे उचलले, सिलिकॉनचे अंगठे बनवले आणि लोकांची खाती रिकामी केली. म्हणजे धोका नेमका अशाच दोन कागदांच्या जोडीत होता. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार?

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आपल्याला हा विचार नवा नसावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नका, ही सूरह नूरची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. माहिती हेसुद्धा घरच आहे. आणि ज्याच्या हाती दुसऱ्याची माहिती आहे, त्याच्याकडे ती अमानत आहे. हे मी आम्हा शिक्षकांनाही सांगतो. मुलांच्या आधारच्या झेरॉक्स आम्ही गोळा करतो, पण काम झाल्यावर त्या कुठे पडतात हे किती जण पाहतात?

काकांना मी तीन गोष्टी सांगितल्या. कुणाला आधार द्यायचंच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, रेशनच्या दिवशी तेवढं उघडा. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच 1930 ला फोन लावा.

लॉक करायला बसलो, तर काकांच्या आधारला मोबाईल नंबरच जोडलेला नव्हता. सोमवारी आम्ही दोघं त्यासाठी परभणीला जाणार आहोत. त्यांचा फोटो मात्र अजून कुणाला गेलेला नाही.