लूत आणि तिचा किडा

कोयनानगरच्या बाजूस पाऊस लागला म्हणजे घरचें कुत्रें पडवीच्या उबेला येतें. पण त्याला लूत लागून केस झडूं लागले कीं तीच पडवी त्याला बंद होते. रोगाचें नांवच हाकलून देण्यास पुरेसें कारण ठरतें.

या जातीच्या रोगाचें खरें कारण डोळ्यांपुढें येऊनहि तें मानावयास जगाला फार उशीर लागला. १६८७ सालीं इटलींत बोनोमो नांवाच्या वैद्यानें माणसाच्या खरजेंतून काढलेला किडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला व खरूज त्याच्यामुळेंच होते असें लिहिलें. विद्वानांनीं मात्र दूषित रक्ताचा समज सोडला नाहीं. अखेर १८३४ मध्यें पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयांत रेनुची या कॉर्सिकन विद्यार्थ्यानें सुईच्या टोंकावर तो किडा काढून दाखविला. ही युक्ति त्यानें आपल्या बेटावरील बायकांची पाहिली होती! मध्यें १४७ वर्षें गेलीं.

आपल्याकडे परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. आज सातारा जिल्ह्यांतहि शिरवळ येथें तसें महाविद्यालय आहे. पशुवैद्याची परीक्षा साधी असते. पात्यानें कातडी हलकेच खरवडून ती तेलाच्या थेंबांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाची. त्यांत दोन निरनिराळे किडे आढळतात. एक कातडींत बिळें करतो. त्याची खाज भयंकर, व ती इतर कुत्र्यांस लागते, घरांतल्या माणसांसहि त्रास देते. हा किडा खरवडींत पुष्कळदां सांपडत नाहीं. म्हणून लक्षणांवरूनहि उपचार करावा लागतो. दुसरा केसांच्या मुळांशीं राहतो. तो पिल्लास आईपासून मिळतो, निरोगी अंगावरहि थोडा असतो आणि शक्ति खालावली म्हणजे बळावतो. माणसास तो लागत नाहीं. दोन्हीं कुत्रीं दिसावयास सारखींच. हाकललीं जातात तींहि सारखींच.

पूर्वीं भरंवसा गंधकावर असे. पुढें जपानच्या मातींतील एका सूक्ष्मजंतूपासून आयव्हरमेक्टिन निघालें. तें १९८१ पासून जनावरांसाठीं मिळूं लागलें. त्याबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. परंतु कोली जातीच्या अनेक कुत्र्यांच्या मेंदूस तें घातक ठरतें. तेव्हां शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तें देऊं नये. आतां इतर गोळ्याहि निघाल्या आहेत. त्यांची निवड वैद्यानेंच करावी.

म्हणून लूत दिसली तर काठीकडे हात नेण्यापूर्वीं कुत्र्यास पशुवैद्याकडे न्यावें. कातडी खरवडून पाहावयास कांहीं मिनिटेंच लागतात.