द्रव्यविज्ञान संशोधन केंद्रे, विद्यापीठीय
धातू, मृत्तिका द्रव्ये, अर्धसंवाहक, बहुवारिके इत्यादींच्या संरचनेचा व गुणधर्मांचा भौतिकीविज्ञ, रसायनशास्त्रज्ञ व धातुवैज्ञानिक यांनी एकत्र अभ्यास करावा, यासाठी स्थापन झालेली केंद्रे. अमेरिकेत त्यांचा आरंभ शैक्षणिक गरजेपेक्षा लष्करी निकडीतून झाला. रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर क्षेपणास्त्रांना व अवकाशयानांना लागणाऱ्या द्रव्यांची उणीव तेथे तीव्रतेने जाणवली. संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेने १९६० मध्ये कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया व नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांशी करार केले. पुढे अशा प्रयोगशाळा १२ झाल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण विवर्तन उपकरणे, स्फटिक वाढविण्याच्या भट्ट्या अशी महागडी साधने त्यांत सर्व विभागांना सामाईक असत. विभागांतील दुरावा एवढ्याने संपला, असे मात्र नव्हे.

व्हिएटनाम युद्धाच्या काळात, १९६९ मधील मॅन्सफील्ड दुरुस्तीने लष्करी कार्याशी थेट संबंध नसलेल्या संशोधनावर संरक्षण खात्याने खर्च करण्यास प्रतिबंध झाला. १९७२ मध्ये या प्रयोगशाळा राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आल्या. लष्करी आश्रय गेला, तरी सामाईक साधनांची पद्धती टिकली. प्रतिष्ठानाने १९७७ मध्ये कॉर्नेल येथे एक मायक्रोमीटरहून लहान संरचना घडविण्याची राष्ट्रीय सुविधा उभारली, तीही बाहेरच्या संशोधकांना खुली ठेवून. अब्जांश तंत्रविद्येची नंतरची विद्यापीठीय केंद्रे बव्हंशी याच धर्तीवर चालतात.