दुधाचे दात

बालकाला प्रथम येणारे आणि साधारण 6 ते 12 वर्षांच्या दरम्यान पडून जाणारे 20 दात. प्रत्येक जबड्यात पटाशीचे 4, सुळे 2 आणि दाढा 4 असतात, उपदाढा नसतात. काश्यपसंहितेच्या दंतजन्माविषयीच्या अध्यायात 32 दातांपैकी 8 एकदाच व 24 दोनदा उगवतात, असे म्हटले आहे. आजच्या गणनेनुसार 20 दात दोनदा येतात, तर 12 कायमच्या दाढा एकदाच.

येण्याचा क्रम : दातांची घडण आईच्या पोटातच, गर्भधारणेनंतर सुमारे 6 आठवड्यांनी सुरू होते. खालचे मधले दोन दात बहुधा 6 ते 10 महिन्यांत दिसतात. मग वरचे मधले, त्यांच्या बाजूचे, पहिल्या दाढा (13 ते 19 महिने), सुळे (16 ते 23 महिने) आणि शेवटी दुसऱ्या दाढा येतात. तिसरे वर्ष सरण्यापूर्वी बहुतेकांचा संच पूर्ण होतो. काही महिन्यांचा उशीर हा दोष नव्हे. क्वचित एखादे मूल दात घेऊनच जन्मते. ते अशुभ मानण्याचे कारण नाही. दात मात्र फार हलत असल्यास किंवा दूध पिताना अडचण येत असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल किरकिरते. जोराचा ताप किंवा जुलाब मात्र ‘दातांमुळे’ म्हणून अंगावर काढू नयेत. याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. त्यामुळे खऱ्या आजाराची शक्यता अधिक असते.

तंजावर परिसरातील रीती : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1855 पर्यंत तंजावरावर भोसले घराण्याचे राज्य होते आणि मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. ज्या तमिळ समाजात ती राहिली, त्याने पहिल्या दाताचा स्वतंत्र सोहळाच केला आहे. कावेरीच्या खोऱ्यातील या भातपिकाच्या प्रदेशात तांदळाच्या पिठाच्या बारीक गोळ्या उकडतात आणि बसवलेल्या बाळाच्या डोक्यावरून त्या ओततात. यांना ‘पल् कोळुक्कट्टै’ म्हणतात. ‘पल्’ म्हणजे दात. महाराष्ट्रातील बोरन्हाणात बोरे, चुरमुरे व हलवा असाच बाळावर ओततात. त्याला निमित्त मात्र संक्रांतीचे असते, दाताचे नव्हे. पडलेल्या दाताचीही पाठवणी होते. तमिळनाडूत तो शेणात गुंडाळून छपरावर टाकण्याची, तर महाराष्ट्रात छपरावर किंवा उंदराच्या बिळात टाकण्याची रीत आढळते. उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. नवा दात तसाच बळकट यावा, ही त्यामागची इच्छा.

पडण्याची प्रक्रिया : हिरडीखाली कायमचा दात वर सरकू लागला की विशिष्ट पेशी दुधाच्या दाताचे मूळ विरघळवतात. आधार गेला की दात हलतो आणि पडतो. म्हणूनच पडलेल्या दाताला मूळ जवळजवळ नसते. खालचे मधले दात 6 ते 7 व्या वर्षी, सुळे व दाढा 9 ते 12 या वयात पडतात. दुधाच्या दाढांच्या जागी कायमच्या उपदाढा येतात.

निगा : येण्याजाण्याच्या या दोन सोहळ्यांमधली वर्षेच मोलाची असतात. ‘पडणारच आहेत’ म्हणून किडलेले दात दुर्लक्षिणे चूक आहे. यांचे दंतवल्क पातळ असते, त्यामुळे कीड लवकर आतल्या नसेपर्यंत पोचते. दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि मागून येणारा दात वाकडा येतो. पहिला दात दिसताच मऊ ब्रश व तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी. तिसऱ्या वर्षानंतर वाटाण्याएवढी. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याची एक भेट व्हावी.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. तिला दुधाची समजून अनेक घरी दुर्लक्ष होते. ती किडून गेली, तर तिच्या जागी दुसरी उगवत नाही.