दगड, चुना आणि लेप : शिरपूर परिसरातील देवळांच्या बांधकामाचा एक दुर्लक्षित इतिहास

देवळाचा इतिहास लिहिताना ते कोणी बांधले, शिलालेखात काय कोरले आहे, कळस कोणाच्या हस्ते चढला, एवढ्याची नोंद आवर्जून होते. दगडाला दगड कशाने धरला, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही. चुना भाजणारा लोणारी, घाणी हाकणारा गडी, दरजा भरणारा गवंडी यांची नावे दानपत्रात नसतात. देऊळ पाचशे वर्षे उभे राहिले तर श्रेय देवाला व दात्याला जाते; भिंत फुगली तर दोष गवंड्याला.

शिरपुरात तरी हा विषय किरकोळ समजण्याचे कारण नाही. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती वाळू आणि शेणाची घडविली होती, अशी जैन परंपरा आहे. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात श्रीपूरच्या या तीर्थावर स्वतंत्र प्रकरण असून त्यात ही कथा आली आहे. एलिचपूरच्या राजाला ही मूर्ती लाभली, असे परंपरा सांगते. वाळूची मूर्ती म्हटली की तिला जपण्यासाठी लेप आलाच. आणि तो लेप कोणी, कसा द्यावा यावरूनच दिगंबर व श्वेतांबर बंधूंमध्ये विसाव्या शतकातील दीर्घ वाद उभा राहिला. १९०५ साली पूजेच्या वेळा ठरल्या, पुढे लेपावरून प्रकरण कोर्टात गेले आणि १९२९ साली त्याचा निकाल थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये लागला. तरी वाद मिटला नाही. १९८१ पासून मंदिर कुलूपबंद राहिले; २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लेपाचा व दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. कोणाची बाजू बरोबर, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. बोटभर जाडीच्या लेपासाठी माणसे शंभर वर्षे भांडतात, एवढे मात्र शिरपूरकरांना नव्याने सांगावे लागत नाही.

लेपाचे हे शास्त्र फार जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपावर एक अध्यायच आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्चे कवठ, सावरीची फुले, साळईचे बी, धामणीची साल व वेखंड यांचा काढा पाण्यात उकळून एक अष्टमांश उरवावा; मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळ इत्यादी वाटून घालावे आणि हा लेप तापवून मंदिर, मूर्ती, भिंत वा विहिरीला द्यावा, असे तो सांगतो. यांतील टेंभुर्णी, साळई, सावर, बिब्बा ही झाडे वाशीमच्या डोंगराळ भागात आजही सापडतात. परगावाहून काही मागविण्याची फारशी गरज नव्हती.

आता भिंतीकडे वळू. वऱ्हाडात कोणतेही जुने दगडी देऊळ दिसले की लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. परंतु बार्शीटाकळीचे देऊळ त्याच्या आधीच्या, बाराव्या शतकातले आहे. तेव्हा सगळे श्रेय एकट्या हेमाडपंतास देणे इतिहासाला धरून नाही. या पद्धतीत चिरे इतके चोख घडवीत की चुन्यावाचून ते एकमेकांवर बसत. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते व ती खरीही आहे. पण बिनचुन्याच्या दरजेत पिंपळाचे बी पडले की मुळांना आयतीच वाट मिळते, आणि खाली काळी कसदार माती असली तर ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाया असा दरवर्षी खालीवर होत असला म्हणजे नुसत्या वजनावर उभी असलेली भिंत हळूहळू सरकते. पुढच्या काळात लहान दगडांचे व विटांचे काम वाढले तसा चुना सर्वत्र आला. एलिचपूरच्या नवाबाने १७५७ मध्ये पुरा केलेला बाळापूरचा किल्ला पाहावा. उत्तम भाजलेल्या विटा आणि चुना यांवर तो उभा आहे.

चुन्याचा कच्चा माल शिरपूरच्या आसपासच्या रानातच आहे. काळ्या जमिनीत व नाल्यांच्या काठी पांढुरके, गाठाळ खडे निघतात, ती चुनखडी. शेतकरी तिच्या नावाने बोटे मोडतो; लोणाऱ्याला मात्र ती लक्ष्मी. भट्टीत चुनखडी व सरपण यांचे थर रचून आग देत. सुमारे ९०० अंश उष्णतेला तिच्यातील कर्बवायू निघून जातो व उरतो तो कळीचा चुना. या खड्यांत थोडी माती मिसळलेली असते, ही खोड नसून गुण आहे. कारण भाजल्यावर तीच माती चुन्याला ओल्या जागेतही घट्ट होण्याचे बळ देते. शुद्ध शुभ्र चुना दिसायला सुंदर, सफेदीला आणि अखेरच्या गिलाव्याला उत्तम. पण पाया, विहीर, बारव यांना मातकट चुनखडीचाच चुना हवा. ही निवड गवंड्याचे अर्धे कसब होते.

कळी पाण्यात टाकली की ती उसळते, वाफा निघतात, भाजण्याचे भय असते. यालाच चुना विझवणे म्हणतात. विझलेला चुना हौदात पाण्याखाली झाकून मुरू देत. घाई करणाराला शिक्षा उशिरा मिळते. न विझलेला एखादा कण गिलाव्यात राहिला तर तो महिन्यांनी फुगतो आणि भिंतीला देवीच्या व्रणासारखे खड्डे पडतात.

मुरलेला चुना मग घाणीत पडे. जमिनीत गोल दगडी चर, मध्ये खुंटा, त्याला आडवा दांडा व दांड्याला जड दगडी चाक. बैल फिरे तसे चाक चरातून फिरे. लोहगडासारख्या किल्ल्यांवर अशा घाण्या अद्याप पाहावयास मिळतात, आणि अनेक गावांत त्यांची चाके पारापाशी पडून आहेत. मुले त्यांवर बसतात, ती कशाची हे कोणी सांगत नाही. घाणीत चुन्याच्या एका भागास वाळू व सुरखी मिळून दोन ते तीन भाग घालीत. सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची पूड. ती अर्धकच्च्या विटांची असली तर नुसता लाल चिखल होतो. वाळू धुतलेली, खरखरीत, मुठीत दाबली असता हाताला माती न लावणारी. पाणी गोडे. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात हा मोठाच प्रश्न असे, कारण पाण्यातील क्षार पुढे भिंतीवर पांढरे फुटतात. शिरपूर वरच्या पठारावर असल्याने या संकटातून वाचले.

पाणी घालताना हात आखडता ठेवावा लागतो. माल सैल झाला की गवंड्याचे काम हलके होते आणि भिंतीचे आयुष्य कमी होते. नीट मळलेला माल थापीवर घेऊन थापी उलटी केली तरी चटकन खाली पडत नाही. ही परीक्षा अडाणी म्हणून हसण्याजोगी नाही. बांधकाम खात्याच्या कागदावर लिहिलेल्या प्रमाणाने जे कळत नाही ते तिने कळते, कारण प्रत्येक भट्टीचा चुना सारखा नसतो.

यात गूळ, बेलफळाचा गर, मेथी, उडीद, हिरडा यांचे पाणी घालण्याची चाल होती. गुळाने माल कमी पाण्यात मऊ होतो, बेल-उडदाने चिकटा येतो. काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलकही घालीत म्हणतात. बेलफळ हाताशी असताना देवळाच्या कामात त्याची गरज काय, हा प्रश्न उरतोच. ही द्रव्ये जास्त झाली तर मात्र माल उशिरा आवळतो आणि कच्चा राहतो. धाग्यासाठी ताग किंवा अंबाडी बारीक कापून गिलाव्यात घालीत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. गिलाव्याला धागा देण्याची रीत महाराष्ट्रात किती जुनी आहे, हे त्यावरून कळावे.

सिमेंट या सर्वांच्या मानाने अगदी कालचे. जोसेफ अ‍ॅस्पडिन याने इंग्लंडमध्ये १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये माल निघू लागला. खेड्यापर्यंत ते पोचले स्वातंत्र्यानंतर, आणि तेही परमिटवर. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः व १९८९ मध्ये पूर्ण उठले. परमिटच्या त्या दिवसांत एखाद्या देवस्थानाला पाच-पंचवीस पोती मिळणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, म्हणून ती पोती अगदी दर्शनी भिंतीवर खर्ची पडत. घाणी थांबली, लोणारी दुसऱ्या धंद्याला लागले, आणि एका पिढीत चुना म्हणजे फक्त पानाला लावायचा व दिवाळीला भिंतीला द्यायचा, एवढेच उरले.

सिमेंट वाईट नाही. नव्या सभामंडपाचा स्लॅब, पाण्याची टाकी, भक्तनिवास यांना तेच योग्य. पण चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर त्याचा थर चढविला की घोटाळा होतो. जुनी भिंत पायातून ओल ओढते आणि दरजांतून ती बाहेर सोडते. सिमेंटने दरजा बंद झाल्या की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या तोंडाशी जमतात व दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. शिवाय काळ्या मातीवरची भिंत थोडी हलणारच. चुना त्या हालचालीला दबतो, बारीक भेग पडली तर पावसाच्या पाण्याने विरघळून पुन्हा सांधतोही. सिमेंट दबत नाही, मग तडा दगडाला जातो. मुरूडजवळच्या पद्मदुर्गावर तटाचे दगड लाटांनी झिजले आहेत पण मधला चुना तसाच पुढे आला आहे. मराठ्यांच्या चुन्याची थोरवी म्हणून हे नेहमी सांगतात व ते रास्तच आहे. तरी जीर्णोद्धार करणाराने तेच दृश्य दुसऱ्या नजरेनेही पाहावे: दोन शेजाऱ्यांत जो मऊ, तोच आधी झिजतो. समुद्रातल्या तटाला ते चालले. कोरीव द्वारशाखा असलेल्या देवळात झीज दरजेने सोसावी, दरज पुन्हा भरता येते. नक्षीचा दगड पुन्हा आणता येत नाही.

यातली खरी अडचण पैशाची नसून तिथीची असते. समितीने कळसारोहणाचा मुहूर्त आधीच काढलेला असतो, पत्रिका छापलेल्या असतात, महाप्रसादाचे धान्य येऊन पडलेले असते. सिमेंट आठवडाभरात कडक होते. चुना हवेतील कर्बवायू घेत महिनोन्‌महिने पक्का होत राहतो. भर पावसाळ्यात तो वाहून जातो. वाशीमच्या वैशाखातल्या उन्हात लवकर सुकून भुसभुशीत होतो. म्हणून जुने गवंडी दिवाळीनंतर कामाला हात घालीत, माघापर्यंत दरजा उरकीत व ओली पोती टांगून भिंतीला सावलीत ठेवीत. दरज भरण्यापूर्वी जुना भुगा खरडून काढणे, दगडाला पाणी पाजणे आणि माल आतपर्यंत दाबून बसविणे ही कामे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाहीत, त्यामुळे उक्त्या कामात तीच आधी गळतात.

जुना माल कसला होता हे न पाहता नवा ठरविणे बरे नव्हे. पडलेल्या दरजेतला एक खडा फोडला तर त्यात सुरखीची लाली, वाळूचा दाणा, कधी धागा स्पष्ट दिसतो. त्याच जातीचे दोन-तीन नमुने कमी-अधिक वाळूने मळून मंदिराच्या मागील बाजूस हातभर जागेत भरावेत आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. पुढल्या कार्तिकात नखाने खरवडून पाहिले की कोणता नमुना घ्यावयाचा ते कळते.